दोघांचं सामान

२ ऑगस्ट १९८६, शनिवार

सकाळी बँकेत पासबुक भरून घेतलं. तिथून अंधेरी स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजंटकडे. चंद्रप्रकाश त्याचं नाव. तिशीचा असेल, बोलका. न्यूयॉर्कला जायचंय म्हणालो, वीस सप्टेंबरच्या सुमारास, मुलीच्या बाळंतपणाला.

‘काका, पॅसेंजर किती?’

‘दोन,’ म्हणालो.

निघून गेलं तोंडातून. मागे घेतलं नाही. नीलाला पत्रात दोघांच्या सामानाचं कळवायचंय, तर हिशोबही दोघांचाच हवा, असं मनाशी म्हटलं.

मालनला जाऊन सव्वादोन महिने झाले. नीलाला अजून सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला तिचं पाचव्या महिन्यात गेलं. ह्या वेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. म्हणून सुटका होईपर्यंत काही कळवायचं नाही, असं प्रेमाने ठरवलं. प्रेमा म्हणजे मालनची धाकटी बहीण. ‘भाऊजी, पोटुशी बाईला असलं कळवतात का कोणी? बाळ हातात आलं की मग सांगा.’ जावयांना, विद्याधररावांना, ऑफिसात फोन करून सांगितलं. तेही म्हणाले, तेच बरं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं.

मी हो म्हटलं. तेव्हा सोपं वाटलं होतं.

३ ऑगस्ट

एजंटने दिलेली माहिती नीट लिहून काढली. नीलाने तीनदा विचारलंय.

लंडनवरून जाणारं विमान — माणशी दोन बॅगा, एकेक बत्तीस किलोपर्यंत. लांबी, रुंदी, उंची मिळून बासष्ट इंचांच्या आत. फ्रँकफर्टवरून जाणारं — बॅगा दोनच, पण दुसरी लहान हवी, पंचावन्न इंच. आखातावरून, तिकीट दोन तुकड्यांत काढून — भाडं बरंच कमी, पण माणशी वीस किलो! वरच्या प्रत्येक किलोला पहिल्या वर्गाच्या भाड्याचा शंभरावा हिस्सा. म्हणजे डिंकलाडवांचा एक डबा सोन्याच्या भावाने जाणार. ते बाद.

चंद्रप्रकाश म्हणाला, ‘दोघं बरोबर असलात ना काका, तर टेन्शन नाही. एकत्र वजन धरतात. मावशींची बॅग जड, तुमची हलकी, चालून जातं. काउंटरवर फक्त एकत्र उभं राहायचं.’

एकत्र उभं राहायचं.

५ ऑगस्ट

नीलाला एरोग्राम लिहिला. मालनला लिहायचा कंटाळा. लग्नानंतर माहेरीसुद्धा मीच लिहायचो, ती पोळ्या लाटता लाटता सांगायची. नीलाच्या प्रत्येक पत्रात माझ्या चार ओळी आणि मग ‘आई म्हणते—’. त्यामुळे अक्षर ओळखायचा प्रश्न नाही. फसवणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

‘आई म्हणते, चार बॅगा मिळतात तर पाट आणतेच. तुमच्याकडे त्या टबात पोराला बुचकळून काढतात म्हणे. मी माझ्या पायांवर घेऊन आंघोळ घालणार. आई म्हणते, दिवसभर पडून राहा पण कुशीवर.’

हे मी रचलं नाही. पेन टेकवलं आणि आलं. लिहून झाल्यावर स्वयंपाकघराकडे बघून ‘आणखी काही?’ म्हणणार होतो.

८ ऑगस्ट

माळ्यावरच्या चारही बॅगा खाली काढल्या. दोन अर्ध्या भरलेल्या आहेत, एप्रिलमध्ये तिनेच भरायला घेतल्या होत्या. जुन्या सुती साड्यांची दुपटी, मऊ झालेली. बाळंतशोप, सुंठ, अळीव, डिंक. लोखंडी खलबत्ता वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कुळथाचं पीठ, त्याला आता पोरकिडे झालेत, टाकून दिलं.

टाकताना मागे उभी राहून कोणी बघतंय असं वाटलं. चाळून घेता आलं असतं. ती चाळली असती.

१० ऑगस्ट, रविवार

तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो. त्यांचा वजनकाटा मागून आणला. बॅग नुसती ठेवली तर आकडा झाकला जातो, म्हणून बॅग छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं आणि माणसाचं वजन वजा करायचं. एप्रिलमध्ये तसंच केलं होतं. मालन उभी राहायची, आकडा मी वाचायचो, कारण तिला चष्मा कधी वेळेवर सापडायचा नाही. ‘लवकर बघा हो, हात तुटले माझे!’

आज वाचायला कोणी नाही. शेवटी दाढीचा आरसा जमिनीवर भिंतीला टेकवला. आरशात काटा, माझी पावलं आणि बॅगेचा खालचा भाग. आकडे उलटे दिसतात, पण तीस वर्षं कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग उलट्या बाजूने वाचायची सवय आहे.

पहिली बॅग तेहेतीस किलो भरली. एक किलो जास्त. पाट काढून ठेवला. दुसरी चौतीस! खलबत्ता काढला. इतकं वजन कशाने झालं कळेना.

११ ऑगस्ट

सकाळी दात घासताना कळलं. मी बावन्न वजा करत होतो. बावन्न मालनचं. माझं साठ आहे.

म्हणजे दोन्ही बॅगा बसत होत्या. पाट आणि खलबत्ता परत आत ठेवले.

शेवटी ती एक्केचाळीस होती. हॉस्पिटलात लिहिलेलं पाहिलं होतं. पण सवयीने आलं ते बावन्नच.

१३ ऑगस्ट

काही नाही. दुपारी सुंठेचा वास येत होता. बॅगा बंद होत्या.

१७ ऑगस्ट, रविवार

नीलाचा फोन आला. फोन पहिल्या मजल्यावर श्यामसुंदर यांच्याकडे. जिन्यातून हाक मारली, ‘अहो, लेकीचा फोन! पळा!’ मी चपला न घालताच उतरलो.

आवाज तिथून येतो आणि मग थोडा वेळ जातो. दोघं एकदम बोलतो आणि दोघं एकदम थांबतो.

‘बाबा, आई कुठाय? कधीच नसते फोनवर!’

‘तिचे गुडघे. जिना नको सांगितलाय.’

‘एवढे दुखतात? मग विमानतळावर चालणार कशी ती? लंडनला केवढं चालायचंय माहितीय का? बाबा, तुम्ही व्हीलचेअर सांगून ठेवा. फुकट असते. ऐका माझं.’

‘सांगतो.’

‘ती नाही म्हणेल. तिला विचारूच नका.’

‘नाही विचारत.’

मग ती हसली. हसणं उशिरा पोचलं. फोन ठेवल्यावर श्यामसुंदर चष्मा पुसत म्हणाले, ‘परवा तुम्ही बाजारात होतात तेव्हाही आला होता. मीच म्हटलं, वहिनी वर आहेत, डाळ शिजत टाकलीय, येत नाहीत. बरोबर बोललो ना?’

बरोबरच बोलले. वर आलो तर घरात डाळीचा वास नाही म्हणून चुकल्यासारखं झालं.

१९ ऑगस्ट

चंद्रप्रकाशकडे गेलो. दोन सीट धरून ठेवल्यात, वीस सप्टेंबर, लंडनवरून. व्हीलचेअरचं सांगितलं.

‘मावशींसाठी? लिहून टाकतो. खिडकीला कोण?’

‘ती. बसमध्येही खिडकीच लागते.’

‘जेवण व्हेज ना?’

‘मासे खाते. पण प्रवासात नको.’

त्याने दोन्ही पासपोर्ट मागितले. मालनचा पासपोर्ट मार्चमध्ये आला. दोघांनी रांगेत उभं राहून व्हिसा घेतला होता, तो अजून चालू आहे. त्याने फोटो बघितला. ‘मावशी रागावल्यात वाटतं!’ तो फोटोवाला दहा वेळा मान सरळ, मान सरळ करत होता, म्हणून ती वैतागली होती. मी ते सगळं चंद्रप्रकाशला सांगितलं. तो हसला, मीही हसलो. दहा मिनिटं बसलो असेन. कोणाशी तिच्याविषयी असं बोललो नव्हतो. घरी येणारे सगळे आवाज खाली करून बोलतात. चंद्रप्रकाशला माहीतच नाही काही.

निघताना म्हणाला, ‘मावशींना एकदा घेऊन या, सही लागेल.’

२२ ऑगस्ट

विद्याधररावांचं पत्र, ऑफिसच्या पाकिटातून. नीलाची तब्येत ठीक. तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची. लिहितात, ‘आपण एकटे उतरलेले पाहून तिला धक्का बसेल. आई आजारी आहेत, मागून येतील, असं आपण आधीच कळवाल तर बरं. सुटका झाली की आपण दोघं मिळून खरं सांगू.’

बरोबर आहे. मलाच लिहायला हवं. उद्या लिहितो.

२३ ऑगस्ट

एरोग्राम पुढ्यात घेतला. ‘आई म्हणते,’ लिहिलं. मग ‘मला बरं नाही’ एवढं लिहायचं होतं. आलं नाही. त्याऐवजी आलं, ‘आई म्हणते, पहिल्या दहा दिवसांत वारा लागू द्यायचा नाही, तुमच्याकडे थंडी सुरू होईल, कानाला बांधून बस.’

तसंच पोस्टात टाकलं.

२६ ऑगस्ट

पाट मोजला. आडवा बसत नाही, तिरका बसतो. त्याला दुपट्यांत गुंडाळलं. दुपटी घडी करताना एकेक त्रिकोणी होत गेलं. मला चौकोनी घडी येते. ती त्रिकोणी करायची.

हात कोणाचे चालले होते कोण जाणे.

३० ऑगस्ट

बॅगांवर नावं घातली. पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश. फळ्यावर गिरवल्यासारखी नको, छापल्यासारखी हवीत, म्हणून आधी पेन्सिलने रेषा मारल्या. दोन बॅगांवर माझं. दोन बॅगांवर तिचं. ‘सौ.’ घालायचं की नाही यात थोडा वेळ गेला. पासपोर्टवर नाही, म्हणून नाही घातलं.

तिचं नाव जास्त चांगलं आलंय.

आज बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

४ सप्टेंबर

बाळगुटीची सहाण राहिली होती. मालाडला एका दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, ‘आजीबाई नाही आल्या? त्या पारखून घेतात.’ मी म्हटलं, गुडघे दुखतात.

नीला विचारत नव्हती. गरज नव्हती. तरी म्हटलं.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

यंदा आपल्याकडे गणपती नाही. वर्ष व्हायचंय. दार लोटून बसलो. खाली श्यामसुंदरांकडे आरती चालली होती. मालनचा आवाज बारीक पण टिपेचा, सगळ्यांत शेवटी थांबायचा. आज सगळे थांबल्यावर मी थोडा वेळ ऐकत राहिलो.

नीलाला लिहिलं — आई म्हणते, ह्या वेळी मोदकांच्या कळ्या छान पडल्या, एकही फुटला नाही. तुझ्या वाटचे बाबांनी खाल्ले.

९ सप्टेंबर

प्रेमा आली, कांदिवलीहून, डब्यात मोदक घेऊन. ‘भाऊजी, केवढे वाळलात! खाता की नुसतं चहावर आहात?’ बडबडतच आत गेली. मग तिचा आवाज थांबला. मी पाठोपाठ गेलो.

ती बॅगांपुढे उभी होती. चारही रांगेने लावलेल्या.

‘हे काय आहे?’

‘सामान.’

‘ते दिसतंय मला. ताईचं नाव कशाला?’

‘चार बॅगा दोघांवर मिळतात. एकाला दोनच. पाट राहिला असता.’

‘भाऊजी, माणूस एकच जाणार आहे ना? का दोन तिकिटं काढलीत? इकडे बघा. काढलीत का?’

‘काढली नाहीत अजून. धरून ठेवलीत.’

ती पलंगावर बसली. वाटलं रडेल. रडली नाही. रागावली. ‘मी पोरीसाठी खोटं बोलायला सांगितलं होतं. घरात नव्हतं सांगितलं! तुम्ही काय लिहिता तिला? मोदक? ताईच्या हातचे मोदक? मी जळून गेलेलं बघितलंय तिचं सगळं, आणि तुम्ही मोदक लिहिता!’

मी बॅगांची रांग सरळ केली.

थोड्या वेळाने तीच उठली. चहा केला. कपाटातला एरोग्राम काढून समोर ठेवला. ‘लिहा. मी सांगते तसं. चिरंजीव नीला हिस. आईला ताप येतोय. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. मी एकटा येतोय. ती बरी झाली की मागून येईल. झालं. ‘आई म्हणते’ नाही घालायचं!’

लिहिलं. तिने चिकटवलं, पर्समध्ये टाकलं, स्वतःच पेटीत टाकते म्हणाली. दारात चपला घालताना वळली. ‘मला नाही वाटत का हो ती आहेसं? फोन वाजला की मलाही वाटतं. पण उद्या त्या एजंटकडे जाऊन एक सीट सोडा. पोर बाळंत झाली की तुम्हालाच सांगायचंय, भाऊजी. तुमच्या तोंडून. आत्तापासून सवय करा.’

मोदक दोन खाल्ले. चांगले होते. ताईसारखे नव्हते. — ताईसारखे! मालनसारखे.

१० सप्टेंबर

एजंटकडे गेलो. गर्दी होती. परत आलो.

११ सप्टेंबर

आज गर्दी नव्हती. चंद्रप्रकाश म्हणाला, ‘काका, सोमवारपर्यंत दोन्ही तिकिटं उचला, नाहीतर सीट जातील. मावशी कशा आहेत?’

‘बरी आहे,’ म्हणालो. परत आलो.

घरी आल्यावर ठरवलं. तिच्या नावावर काळा पेंट मारायचा, सामान दोन बॅगांत आणायचं. मग सोमवारी एक सीट सोडायची. माळ्यावरचा काळ्या पेंटचा जुना डबा उघडला. साय धरली होती. ती काढली. ब्रश बुडवला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मांजर असेल. खिडकी उघडी होती. उठून बघितलं तर मांजर नव्हतं.

डबा बंद करून ठेवला. उद्या.

१२ सप्टेंबर

आरशापुढे उभं राहून म्हणून बघितलं. ‘नीला, आई गेली.’ तीन शब्द. पहिले दोन नीट येतात.

सांगायचं तर नीट सांगायला हवं. किती दिवस दुखत होतं, शेवटी काय म्हणाली. शेवटी ती काही म्हणाली नव्हती. पाणी मागितलं आणि झोपली. पत्रांत मात्र इतकं बोलते आहे. गेल्या तीन महिन्यांत तिने जेवढं सांगितलं तेवढं मागच्या पाच वर्षांत सांगितलं नसेल.

नीलाला कळलं की हे बंद होईल.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहाटे श्यामसुंदरांनी दार वाजवलं. अमेरिकेचा फोन. विद्याधरराव होते, हॉस्पिटलातून. तीन आठवडे आधीच झाली. मुलगी. दोघी सुखरूप. ‘बाबा, आता सांगायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणतात. आई आजारी असल्याचं तुमचं पत्र-बित्र काही पोचलेलं नाही. मी सांगू, की तुम्ही?’

‘मी सांगतो,’ म्हणालो.

मग नीला. आवाज थकलेला, पण हसरा. ‘बाबा, अगदी आईचं कपाळ आहे! तिला सांगा. दोघं येताय ना वीसला?’

आवाज जायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला होता.

‘हो,’ म्हणालो. ‘दोघं. चार बॅगा आहेत.’

वर आलो. दार लावलं. ‘मुलगी झाली,’ असं आत बघून सांगितलं, मोठ्याने, दोनदा. नळाला पाणी आलं होतं. पिंप विसळून भरायला लावलं.